दुपारी तीननंतरचं ऊन

प्रिय धाकटे,

आपल्या दोन घरांमध्ये जेमतेम कमरेएवढी भिंत, आणि मी तुला पत्र लिहितेय, याचं तुला हसू येईल. पण तोंडाने सांगायला आले की तू "ताई, आधी चहा घे" म्हणशील आणि माझा सगळा धीर त्या कपात विरघळून जाईल. म्हणून आज शिलाई मशीन बंद केलं, गणवेशांचा ढीग बाजूला सारला आणि कागद घेऊन बसले. शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून इकडे येऊ नकोस.

तुझ्या गच्चीवर सोलरचे पॅनल बसले त्या दिवशी अर्धी गल्ली वर जमली होती. वर्गात शिकवतेस तशी तू सगळ्यांना शिकवत होतीस. ऊन पडलं की पॅनलमध्ये वीज तयार होते, इन्व्हर्टर ती घरात वापरण्याजोगी करतो, दिवसा उरलेली बॅटरीत साठते, त्याहूनही उरली तर मीटरमधून बाहेर जाते आणि तेवढी बिलातून वजा होते. नुसते पॅनल असले तर बाहेरची वीज गेल्यावर तेही गप्प बसतात, म्हणून तू बॅटरीसुद्धा घेतलीस. कुणीतरी सावलीचं विचारलं. तू म्हणालीस, पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एक-दोनांवर सावली आली तरी सगळ्या माळेचा जोर उतरतो. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. आठवीत शाळा सुटली असली तरी मला अक्षर न् अक्षर कळलं.

सोलरवाल्याने त्या दिवशी माझीही गच्ची पाहिली. "ताई, तुमच्याकडे तर यांच्यापेक्षा जास्त ऊन आहे," म्हणाला. मी म्हटलं, मला नकोत असली थेरं. खरं सांगू? मला हवं होतं. फक्त तुझ्यानंतर नको होतं.

तुझा हेवा मला आजचा नाही. तुझी परीक्षा आली की आई टेबलावरचा दिवा तुझ्याकडे वळवायची आणि मी उरलेल्या उजेडात लोकांच्या शर्टांना बटणं लावायचे. तू कधी मागितलं नाहीस, तुला आपोआप मिळत गेलं, आणि त्याचाच जास्त राग यायचा. पण एक गोष्ट माझी होती. आई माझ्याकडे होती. सहा वर्षं तिचं आंघोळपाणी, पथ्य, औषधं, तिची चिडचिड, सगळं माझं. तू रविवारी फळं घेऊन यायचीस आणि ती आठवडाभर त्या फळांचं कौतुक करायची. तरी मी म्हणायचे, करू दे, राहते तर माझ्याकडेच.

मग तिचा श्वास पुरेना झाला. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन घरी लावायला सांगितलं आणि माझ्या घरची वीज दिवसातून दोनदा जायला लागली. तुझे भाऊजीच म्हणाले, "धाकटीकडे ठेवू या, तिकडे बॅटरी आहे." तिच्या दोन पिशव्या मी स्वतः भिंतीवरून तुझ्या हातात दिल्या. आठ दिवसांनी भेटायला आले तर आई म्हणाली, "इथे बरं वाटतं गं, पंखा म्हणून थांबत नाही." तिने सहज म्हटलं. मी घरी येऊन गणवेशाची बाही दोनदा उलटी जोडली.

त्याच महिन्यात मी पाण्याची टाकी उंच करून घेतली, आठवतं? पाण्याला जोर नाही असं सगळ्यांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण प्लंबर म्हणत होता, टाकी मागच्या कोपऱ्यात घेऊ, न्हाणीघर तिकडेच आहे. मी हट्टाने तुझ्या बाजूचा कोपरा धरला. वर टाकीला ऊन लागू नये म्हणून पत्र्याचा आडोसाही करून घेतला. दुपारी तीन वाजले की सावली भिंत ओलांडून तुझ्या पॅनलवर चढायची. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने वर जायचे आणि बघत राहायचे. मला बरं वाटायचं, धाकटे.

तू फोनवर विजेचे आकडे पाहून गोंधळलीस. स्टुलावर चढून पॅनल धुतलेस, पुसलेस. सोलरवाल्याला दोनदा बोलावलंस. तो बिचारा दोन्ही वेळा सकाळी आला, सकाळी सगळं ठीकच असायचं. दुसऱ्या वेळी तू त्याला फाटकात उभं करून, "विकताना गोड बोलता, नंतर हात वर करता," असं चारचौघांत सुनावलंस. हेल्मेट हातात घेऊन तो मान खाली घालून उभा होता. मी त्याला पाणी दिलं. पाणीच दिलं, दुसरं काही बोलले नाही.

आणि मग मागच्या मंगळवारी दुपारी बाराला वीज गेली ती आलीच नाही. एरवी तुझी बॅटरी संध्याकाळ सहज काढायची. त्या दिवशी तीननंतर सावलीमुळे ती भरलीच नाही, सातलाच टिकटिक करून बंद पडली. ऑक्सिजनचा जादा सिलिंडर आपण ठेवलाच नव्हता. तू भिंतीवरून "ताई!" अशी हाक मारलीस, ती अजून माझ्या कानात आहे. दवाखान्यात नेताना गाडीत आईचा हात माझ्या हातात होता आणि तिची नखं निळी पडत होती. तू डोळे मिटून बसली होतीस. मी उघडे ठेवले होते. मला ते बघणं भाग होतं.

आई वाचली. रविवारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. म्हणालीस, "ताई, मीच चुकले. यंत्रावर विसंबून राहिले. आता तिला तुझ्याकडेच ने." एवढी वर्षं जे ऐकायची माझी धडपड होती, ते तू न मागता दिलंस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि गप्प बसले. ही माझी सगळ्यात वाईट गोष्ट. टाकीची त्याखालोखाल.

उद्या आईला घरी सोडतायत आणि तिच्या पिशव्या तू माझ्याकडे पाठवायला भरून ठेवल्या आहेस, म्हणून हे पत्र आजच. त्या पिशव्या परत उघड. आईला तुझ्याकडेच ने. टाकी आणि पत्रा मी सकाळी प्लंबर बोलावून उतरवला, तीननंतर फोनवर आकडे बघ. सिलिंडर सांगून ठेवलाय, संध्याकाळी येईल. सोलरवाल्यालाही फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. मला वाटत होतं माझाच हात बिघडला." त्याची माफी मागितली. तुझी कशी मागायची ते मला कळत नाही. हेवा गेला असंही म्हणणार नाही, उद्या आई तुझ्या दारातून आत जाईल तेव्हा तो परत येईल. मी मात्र यायचं की नाही, ते तू ठरव. आईला मी काही सांगितलेलं नाही, तेही तूच ठरव.

चालत असेल तर अजूनही तुझीच,
ताई