गांजाला घातलेली काकवी

हँड्सवर्थ, बर्मिंगहॅम
२ सप्टेंबर २०१८

ती. लिनव्हलदादास,
एफीचा शि. सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला आहे, मनापासून नाही. फोनवर मी बोलायला लागले की तू फोन खिडकीत ठेवून बकऱ्या बांधायला निघून जातोस, हे मला मर्लीनवहिनीने सांगितलं आहे. म्हणून पत्र. बसून वाच.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आयसिल्डाबाई जमैकाची सुट्टी संपवून परवा परतल्या. आज प्रार्थना झाल्यावर चहाच्या टेबलापाशी त्यांनी सगळ्यांसमोर माझी जी शोभा केली, ती मी जन्मात विसरणार नाही. जूनमध्ये मी पिंप पाठवलं, त्यात तांदूळ, साबण, तुझे बूट आणि काळ्या काकवीचे डबे होते. ते डबे मी एकटीने घेतले नव्हते. भर मंडळीत उभी राहून मी सांगितलं होतं, की आमच्या गावाजवळचा साखर कारखाना बंद पडला, बुल्ला, म्हणजे आमचा काकवीचा चपटा केक, भाजायला धड काकवी मिळत नाही, आणि ऑगस्टच्या सुट्टीतल्या जत्रेत शाळेच्या पोरांना बुल्ला मिळायलाच हवा. बसचं भाडं वाचवायला पायी येणाऱ्या म्हाताऱ्यांनी एकेक डबा आणून दिला, दादा. काहींनी झाकणावर रिबीन बांधली होती.

आयसिल्डाबाई बुल्ला खायला म्हणून मुद्दाम वाट वाकडी करून आपल्या डोंगरावर चढल्या. आणि त्यांना काय दिसलं? काठ्यांवर उपडे घातलेले आमचे डबे, आणि त्यांच्यामध्ये डोक्याच्या वर गेलेला गांजा! आणि तू, माझा थोरला भाऊ, दात काढून त्यांना म्हणालास, की बुल्ला काही शिल्लक नाही, पण काकवी ज्यांनी खाल्ली ती मंडळी ही अशी उभी आहेत, भेटून घ्या. हे ऐकून पाद्रीबाईंनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सगळी झाडं उपटून टाक. आजच्या आज. आणि उपटलीस की कळव, तोवर माझ्याकडून पिंपही नाही आणि पत्रही नाही.

लोभ होता, सध्या नाही.
एफी


ऑरेंज पीस, वेस्टमोरलंड
१७ सप्टेंबर २०१८

चि. एफीस,
लिनव्हलचे अ. उ. आ.

तुझं पत्र बसून वाचायला घेतलं, पण बसवेना, म्हणून उभ्याने संपवलं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. बुल्ला हा शब्द माझ्या तोंडून निघालेला नाही. मी फोनवर म्हणालो होतो, की काकवी पाठव आणि गंधक नसलेली बघून घे. बुल्ल्यासाठी गंधकाची चौकशी कोणी करतं का? पण तुला माझं वाक्य पुरं ऐकायची सवय लहानपणापासून नाही. काकवी म्हटल्याबरोबर तू मनातल्या मनात भट्टी पेटवलीस, मंडळीत भाषण ठोकलंस, आणि आता तोंड काळं झालं म्हणून माझ्यावर खेकसतेस. आयसिल्डाबाईंना मी जे म्हणालो ते मात्र खरं आहे. त्यांनी तीन वेळा विचारलं बुल्ला कुठे, मग माझीही जीभ सुटली.

कारखाना चालू होता तेव्हा ऊसतोडीची माणसं संध्याकाळी मळी बाटलीत घालून वर आणायची आणि ती आपल्या दऱ्यांमधल्या झाडांना जायची. या डोंगरात सगळे तसंच करत आले. आता मळी मिळते ती जनावरांच्या खाद्याच्या दुकानात, गंधक मारलेली. ती ओतली की मातीतले जीव मरतात. काकवी झाड खात नाही गं, माती खाते, आणि माती तृप्त झाली की झाडाला वाढते. कळी धरली की कोमट पाण्यात विरघळवायची, पावसाच्या पाण्यात पातळ करायची आणि आठवड्यातून एकदा मुळाशी द्यायची. पानावर सांडली तर मुंग्या येतात, फुलावर सांडली तर बुरशी. काढणीआधी दोन आठवडे ती बंद करून नुसतं पाणी. तुझ्या त्या म्हाताऱ्यांची काकवी उकिरड्यावर गेलेली नाही. झाडं बघशील तर तुझाही राग निम्मा होईल.

आता मुद्द्याचं. ही पाच झाडं आहेत आणि घरटी पाच कायद्याने चालतात. पण मला परवाना काढून पुढचा सगळा उतार लावायचा आहे. जन्मभर मी हे झाड चोरासारखं लावलं. ओढ्यापलीकडे, काट्यात, कोणी येतंय का याकडे एक कान ठेवून. मी एकाहत्तरीचा झालो, एफी. मला ते एकदा रस्त्याकडेच्या उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं लावायचं आहे. एवढीच हौस उरली आहे.

पण जमीन आईने आपल्या सगळ्यांना मिळून ठेवली. इथे राहून राबणाऱ्याचा जेवढा शब्द, तेवढाच परदेशी गेलेल्याचा. तू नाही म्हणालीस तर मी तिथे रताळंही लावणार नाही. म्हणून विचारतो, तुझा होकार आहे का?

रागावलीस तरी बहीणच आहेस, हे विसरू नये.
लिनव्हल


हँड्सवर्थ
३० सप्टेंबर २०१८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नाही. माझा होकार नाही.

मला वाटलं होतं तू माफी मागशील. तू मला काकवी कशी पातळ करायची ते शिकवलंस. आणि मग हौस! तुला हौस हा शब्द लिहवला कसा?

तो उतार कुठे येतो हे तुला माहीत नाही का? रस्त्यापासून वर जाताना फणसाच्या झाडाखाली आपला ग्लेनरॉय आहे. आपल्या सगळ्यांत धाकटा. तुला आठवत नसेल तर मी आठवण देते. तो चौकात उभा होता, त्याच्या शर्टाच्या खिशात चिमूटभर गांजा सापडला. चिमूटभर! पिनॉक शिपायाने त्याला जीपमध्ये घातला. आई चौकीच्या पायरीवर बसून राहिली, तिला आत जाऊ दिलं नाही. मग त्याला फळीवर घालून घरी आणलं आणि सांगितलं की तो पडला. कुठून पडला? सपाट जमिनीवर बांधलेली बैठी चौकी ती! त्याचा शर्ट मी धुतला, दादा. तू तेव्हा ऊसतोडीला गेला होतास. तो शर्ट मी तीनदा धुतला, आणि पुढच्याच वर्षी जे विमान मिळालं ते पकडून इथे थंडीत येऊन राहिले. या झाडाने माझा भाऊ खाल्ला, माझं गाव खाल्लं. आणि तू त्याच्या थडग्याला लागून तेच झाड लावणार, आणि वर माझ्या हातची काकवी घालून पोसणार!

पाद्रीबाई, आयसिल्डाबाई, लाज, सगळं मी गिळलं असतं. हे गिळवत नाही. माझ्या पोरींनाही सांगून ठेवते आहे, म्हणजे मी गेल्यावर त्यांना गोड बोलून होकार काढशील तर तेही जमायचं नाही.

तब्येतीला जप, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते.
एफी


ऑरेंज पीस
१५ ऑक्टोबर २०१८

प्रिय एफीवन्सं यांस,
मर्लीनचा स. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि तडक झाडांकडे गेले. काकवी त्याच दिवशी बंद केली. म्हणाले, डबे तिच्या मंडळीचे आहेत, ती नाही म्हणते तर घालायची नाही. झाडं ऐन फुलात आहेत, खालची पानं पिवळी पडू लागली आहेत. बघवत नाही. उरलेल्यांतल्या निम्म्या डब्यांचे मी बुल्ले भाजले आणि शाळेत नेऊन दिले. पोरांनी चाटूनपुसून खाल्ले. तेवढं आयसिल्डाबाईंच्या कानावर घाला, म्हणजे त्या निवांत चहा पितील.

मी तुम्हा भावंडांच्या मध्ये पडत नाही. चाळीस वर्षांत पडले नाही. पण मंगळवारी जे झालं ते तुम्हाला हे कधीच लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

खाली कारखान्याच्या उसाचं जे रान होतं, ते एका कंपनीने घेतलं आहे. उंच कुंपण, आत काचेची घरं आणि काचेच्या घरात गांजा. वन्सं, चौकीची जीप रोज त्या कुंपणाभोवती चकरा मारते. पकडायला नाही, राखायला! कंपनीच्या गांजाला कोणी हात लावू नये म्हणून सरकारी जीप! जिला बघून आम्ही पोरी झुडपात शिरायचो, ती.

मंगळवारी कंपनीचा एक माणूस गाडी घेऊन वर आला. बूट असे, की चिखल बघून दोनदा थांबला. यांना म्हणाला, की परवाना सांभाळणं तुमच्यासारख्या लहान माणसांचं काम नाही, उतार आम्हाला भाड्याने द्या. त्याच्याबरोबर त्यांच्या पहाऱ्याचा सल्लागार होता, एक म्हातारा, पोलिसातून सार्जंट होऊन निवृत्त झालेला. पिनॉक. तोच.

चढण चढून त्याला धाप लागली होती. तो फणसाखाली गेला आणि ग्लेनरॉयच्या थडग्यावर बसला. टोपी काढून वारा घेतला. पिवळ्या पडलेल्या झाडांकडे बघूनही म्हणाला, की काय फूल धरलंय, यांना घालता तरी काय? हे म्हणाले, काकवी. तो हसून म्हणाला, की असा हात असलेली माणसं आम्हाला हवीच आहेत, कंपनीत या. मग हाताखालच्या चुन्यावर थोपटून विचारलं, की इथे कोण आहे? नाव कधीच चुन्याखाली गेलंय ना. हे म्हणाले, धाकटा भाऊ. तो म्हणाला, देव त्याला शांती देवो. आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

मी दिलं. दारात आलेल्याला पाणी नाही कसं म्हणू? त्याने ओळखलं नाही, वन्सं. ना जागा, ना आडनाव. ते गेल्यावर मी तो पेला दगडावर आपटला, आणि मग यांच्यावर ओरडले, की तोंड शिवलं होतं का तुमचं? हे म्हणाले, मी तोंड उघडलं असतं तर हातही उचलला असता, आणि मग त्या जीपमध्ये या घरातला दुसरा माणूस बसला असता.

आता हे बसून कोयत्याच्या टोकाने थडग्यावरचा चुना खरवडतात. नाव निघेपर्यंत खरवडणार म्हणतात. काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. मला एवढंच म्हणायचं आहे, की गांजा या उतारावर लागणारच आहे. तुमचा भाऊ नाही लावणार तर दोन-चार वर्षांनी, हे थकले की, तो माणूस भाड्याने घेऊन लावेल.

तुमच्या मनात आमच्यासाठी जागा असू द्यावी.
मर्लीन


हँड्सवर्थ
२६ ऑक्टोबर २०१८

ती. दादास व मर्लीनवहिनीस,
एफीचा शि. सा. न. वि. वि. हा नमस्कार खरा आहे.

वहिनीचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून होते. धाकटी येऊन विचारायला लागली की आई काय झालं, तर तिलाच ओरडले. बसला? तो त्याच्यावर बसला? आणि पाणी पिऊन गेला!

चाळीस वर्षं मी झाडावर रागावले, दादा, कारण झाडावर रागावणं सोपं होतं. झाड उलटून बोलत नाही. त्याने कोणाला फळीवर घालून आणलं नव्हतं. या आमच्या हमरस्त्यावर एक दुकान आहे, मेणबत्त्या आणि उटण्यांच्या मधे गांजाच्या तेलाच्या नाजूक बाटल्या मांडलेल्या असतात, आणि पाद्रीबाई तिथून गुडघ्यांसाठी एक घेतात. मला हे ठाऊक होतं आणि मी कधी काही म्हटलं नव्हतं. रविवारी म्हटलं. उभी राहिले आणि काकवी कुठे गेली ते मंडळीला सांगितलं, ग्लेनरॉयचंही सांगितलं. एवढ्या वर्षांत त्याचं नाव मी त्या छपराखाली काढलं नव्हतं. मला वाटलं होतं बाहेर काढतील. आयसिल्डाबाई सगळ्यांत आधी उठल्या आणि माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांचाही एक मामेभाऊ असाच गेला आहे म्हणे. मला माहीतच नव्हतं.

माझा होकार आहे. लेखी, तोंडी, ज्याला हवा त्याला दाखव. कंपनीच्या माणसाला सांग की लहान माणसांना परवाना सांभाळता येतो. सगळा उतार लाव, थडग्यापर्यंत लाव, आणि झाडांना आजच खायला घाल, माझ्या रागापायी त्यांना उपाशी ठेवू नकोस.

पण माझी एक अट आहे आणि ती तुला पाळावीच लागेल. थडग्यावरचं नाव खरवडतो आहेस ते खरवड, पण ते मागच्या बाजूला आहे, वाचायला फक्त बकऱ्या जातात. फाटकावर पाटी लाव, रस्त्याकडे तोंड करून. तिच्यावर लिही: ग्लेनरॉय इझिकेल बेनबो यांचा गांजाचा मळा. पूर्ण नाव, कुठेही काटछाट नको. जीप रोज तिथून जाते. धावत्या जीपमधून वाचता येईल एवढं मोठं लिही. आणि पिनॉकला आता कमी दिसत असेल, त्याचाही विचार कर.

तुझी आणि त्याची बहीण,
एफी