ओट्यावरची पिशवी

बाबा,

तुमच्या नातवाची हत्यारांची पिशवी आज बाहेरच्या ओट्यावर आहे. आज दसरा. ती देवापुढे पाटावर हवी होती. सकाळी मी पाट मांडला, रांगोळी काढली, विळी ठेवली, कोयता ठेवला, हिशेबाची वही ठेवली आणि पिशवीची वाट बघत बसले. तो आंघोळ करून आला, देवाला दारातूनच नमस्कार केला, माझ्या पाया पडला आणि मित्रांना सोनं द्यायला निघून गेला. पिशवी बाहेरच राहिली. विसरून नाही, मुद्दाम ठेवून गेला. आणि त्या पिशवीत तुमचा पाना आहे, म्हणून हे तुम्हाला लिहायला बसले. वही पाटावर असल्यामुळे तिला उद्यापर्यंत हात लावायचा नाही, तेव्हा गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिते आहे. कागद चांगला जाड आहे, टाकवत नव्हता.

पाना तुम्हाला आठवत असेल. लग्नात बाकीच्यांनी भांडी दिली, तुम्ही खणात गुंडाळून पाना दिलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, सासरी नळ गळला तर कोणाची वाट बघत बसू नकोस. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासूबाई पुढे कितीतरी वर्षं म्हणायच्या की आम्ही सून आणली की मिस्त्री आणला. पण मी तो वापरला, बाबा. या घरात नळाला आणि मोटरीला बाहेरचा माणूस फारच थोड्या वेळा आला. आणि दर दसऱ्याला तो घासून, खोबरेल लावून पाटावर ठेवला, कारण वाणगावच्या भातगिरणीतला तो दसरा मी विसरलेले नाही. इंजिनाला झेंडूची माळ घातलेली आहे, पट्टा उतरवलेला आहे, तुमच्या हातात चुरमुऱ्यांचा पुडा आहे, आणि मी तुमच्याकडे धावताना जमिनीवर मांडलेले पाने ओलांडते. तुम्ही पुडा मागे घेता. "ओलांडलंस? पाया पड त्यांच्या. ते आपल्याला जेवू घालतात." गिरणीतले सगळे हमाल बघत होते. मी रडत रडत पाया पडले आणि मगच मला चुरमुरे मिळाले.

तुम्ही गेलात तेव्हा हा माझ्या पोटात होता. तो इंजिनिअर होईल असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत, म्हणायला तो नव्हताच. मीच मनात ठरवलं. मी मॅट्रिकवर थांबले, पण बाबांचं काम कागदावर शिकलेला एक माणूस घरात हवा असं मला वाटायचं. तुमचे जावई चिकूच्या वखारीत, पगार बेताचा, तरी चार वर्षं मी ते जमवलं, कसं ते सांगत बसत नाही. तो बी.ई. मेकॅनिकल झाला तेव्हा चारोटीजवळच्या महालक्ष्मीला जाऊन नारळ वाढवला आणि येताना वाटलं, झालं, आता हे पोर मशीनवर उभं राहील.

त्यानंतर एक वर्ष तो घरी होता. अर्ज करायचा, मुलाखतीला जायचा, परत यायचा. मग एक दिवस सांगितलं की नोकरी लागली, मशीन मेंटेनन्सची, उंबरगावकडे कंपनी आहे, पण काम फिरतीचं. मी पेढे वाटले. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, आई, आजोबांचा पाना नेऊ का, त्या मापाचा नवीन एवढा चांगला मिळत नाही. मला भरून आलं. घेऊन जा म्हटलं. आणि बाबा, तेव्हापासून तो रोज कामावरून आला की आधी मागच्या नळावर आंघोळ करायचा, डोक्यावरून, थंडीतसुद्धा, आणि ओल्या अंगाने घरात यायचा. मी शेजारणींना कौतुकाने सांगायची की कंपनीतली ग्रीस घरात आणत नाही, वळण आहे त्याला. थंडीत मी पाणी तापवून बाहेर ठेवायची. साबण मात्र फार लागायला लागला. एकदा मी हिशेब करताना चिडून म्हटलं, एवढं ग्रीसमध्ये लोळतोस तर कंपनीला साबण द्यायला काय होतं? तो हसला आणि पुढच्या पगारात साबणाचा अख्खा खोका घेऊन आला. घरात मयताहून आलेली माणसं दाराबाहेर आंघोळ करतात हे मी लहानपणापासून बघते आहे. पण आपल्या मुलाकडे बघताना ते डोक्यात कसं येणार?

यंदा गणपतीला त्याचे कॉलेजातले मित्र आले होते. मोदक वाढता वाढता मी एकेकाला विचारत होते, काय करतोस रे आता. एक बंगळूरला असतो, बँकेसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. मी म्हटलं, मग मेकॅनिकल? तो म्हणाला, "ते कपाटात आहे काकू, फाईलमध्ये." एक पुण्यात खोली घेऊन सरकारी परीक्षांचा अभ्यास करतो. एक फोनवर लोकांना कर्ज घ्या म्हणून सांगतो. चारोटीच्या हायवेवर ज्याच्या वडिलांचं हॉटेल आहे तो गल्ल्यावर बसतो, आणि मिक्सर बिघडला तर मिस्त्रीला बोलावतो, हे त्याने स्वतःच सांगितलं. त्यांच्या वर्गातली एक मुलगी तेवढी जर्मनीला पुढे शिकायला गेली आहे. मला धक्काच बसला. एवढी पोरं चार चार वर्षं मशीन शिकली आणि मशीनला हात कोणी लावत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा हॉटेलवाला माझ्या मुलाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काकू, आमच्यात खरा मेकॅनिकल हाच एक." सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले. माझा मुलगा ताटात बघत होता. मला वाटलं, लाजला. मी त्याला अजून एक मोदक वाढला.

त्या सगळ्यांना माहीत होतं.

नवरात्र बसायच्या थोडं आधी शेजारच्या काकू गेल्या. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, मी इथे आल्यावर दोन-तीन वर्षांनी ते लोक शेजारी आले. घरात गुजराती बोलायचे, माझ्याशी मोडकं मराठी. हा मुलगा अर्धा त्यांच्या स्वयंपाकघरात वाढला. दीकरा, दीकरा म्हणून त्या त्याला हातावर गरम रोटली द्यायच्या. गावाबाहेरच्या स्मशानात आता गॅसवर चालणारं मशीन बसवलं आहे, तिथे त्यांना न्यायचं ठरलं. तुमचे जावईही गेले. आम्ही बायका घरी. मुलाला फोन करून कळवलं, तर म्हणाला, तलासरीच्या पुढे कामावर आहे, बघतो.

दुपार टळून गेल्यावर माणसं परत आली. मी पायावर पाणी घालायला बादली घेऊन बाहेर उभी होते. काकूंचा मुलगा, चांगला पन्नाशीचा माणूस, माझ्यासमोर थांबला आणि त्याने हात जोडले. "भाभी, तुमच्या दीकऱ्याने आज माझ्या आईला वाट दिली." मला कळेना. मी म्हटलं, माझा मुलगा तर कामावर आहे. तो म्हणाला, "हां ना. कामावरच आला होता." मी तुमच्या जावयांकडे बघितलं. ते मान खाली घालून पाण्यासाठी पाय पुढे करून उभे होते आणि माझ्या हातातली बादली काही वाकेना.

मग यांनी सांगितलं. काकूंना मशीनपुढच्या गाडीवर ठेवलेलं, मंत्र म्हणून झालेले, आणि मशीन पेटेना. तिथल्या माणसाने कंपनीत फोन लावला आणि म्हणाला, आमचा इंजिनिअर तलासरीकडून निघाला आहे, थांबा. सगळे तिष्ठत उभे राहिले. मोटरसायकल आली, हेल्मेट निघालं, तर आपला मुलगा. त्यानेही यांना बघितलं. त्याने चपला काढल्या, काकूंच्या पाया पडला, मग पिशवी उघडली. हवा ओढणारा पंखा असतो, त्याच्या जाळीत मैनेने काड्या भरल्या होत्या. घरटं रिकामं होतं. त्याने ते काढून कुंपणावर ठेवलं, जाळी पुन्हा आवळली, आणि मशीन पेटलं. हे सांगताना तुमच्या जावयांचा आवाज कसा होता ते मला लिहिता येत नाही. जाळी कशाने आवळली ते मी विचारलं नाही.

दोन दिवस मी मुलाशी बोलले नाही. पाणी तापवून ठेवलं, ताट वाढलं, पण बोलले नाही. डोक्यात एकच चक्र. हा माणूस रोज तिथून येतो. मागच्या दसऱ्याला ती पिशवी माझ्या पाटावर होती, तिला मी कुंकू लावलं, देवीपुढे ठेवली. ते आता कशाने धुवायचं? आणि उद्या एखादं स्थळ आलं तर मुलगा काय करतो म्हणून काय सांगायचं? तिसऱ्या दिवशी मी विचारलं, का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, "आई, तू पगार विचारलास, सुट्टी विचारलीस, डबा किती वाजता लागेल ते विचारलंस. मशीन कशाचं ते विचारलंच नाहीस." मग हळूच म्हणाला की विचारलं असतंस तरी लगेच सांगितलं नसतं. उंबरगावच्या कंपन्या कंत्राटावर घेत होत्या, दिवसभर उभं राहून आलेला माल मोजायचा. या कंपनीने मुलाखतीत एवढंच विचारलं, भीती वाटते का.

मी म्हटलं, सोडून दे. मिळेल दुसरी. तो म्हणाला, "कारखान्यात मशीन बंद पडलं की सुपरवायझर ओरडतो. तिथे कोणी ओरडत नाही, आई. सगळे नुसते बघत उभे राहतात. ते चालू केलं की मला बरं वाटतं." मी तरीही म्हटलं, सोड. तेव्हा तुमचे जावई, जे घरात मीठ कमी आहे हेसुद्धा सांगत नाहीत, ते खुर्चीवरून म्हणाले, "तुझ्या बाबांच्या वेळी काय झालं होतं ते तुला कोणी सांगितलंय?"

मला सांगितलं होतं की रस्त्यावर पाणी चढलं म्हणून तुम्ही सगळे रात्रभर स्मशानात अडकलात. म्हणजे तुम्ही नाही, ते. बघा, लिहितानाही मी तुम्हाला त्यांच्यात धरलं. श्रावण होता, चार दिवस पावसाची उघडीप नव्हती. मी पोटुशी, म्हणून मला तुमचं तोंडही लांबूनच दाखवलेलं. माणसं सकाळी परत आली, दादाचे डोळे सुजलेले, आणि मी त्याला गरम चहा दिला. रस्त्यावर पाणी नव्हतं, बाबा. लाकडं ओली होती. पत्र्याखालीसुद्धा ओल मारत होती. रॉकेल संपलं, कोणीतरी ट्रकचा टायर आणला, तरी धुमसत होतं. दादा रात्रभर छत्री धरून तुमच्याजवळ उभा होता. परतताना त्याने सगळ्यांकडून शपथ घेतली की बायकांना कळता कामा नये. इंजिनाचा आवाज जरा बदलला तर जेवणावरून उठून गिरणीत जाणारे तुम्ही. इतकी वर्षं मी तुमच्या फोटोपुढे दिवा लावते आहे आणि मला हे माहीत नव्हतं.

मुलालाही माहीत नव्हतं. तो उठला आणि मागच्या नळावर जाऊन उगाचच हात धुवून आला. नोकरीचा विषय त्यानंतर घरात निघालेला नाही. मी सोड म्हटलेलं परत घेतलेलं नाही, आणि त्यानेही सोडलेली नाही.

आणि आज त्याने पिशवी बाहेर ठेवली. माझ्यासाठी ठेवली, हे मला कळतं. पाटावरची पिशवीची जागा रिकामी दिसत होती. मी कितीदा उंबऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. आत आणायला हात धजावेना, आणि तिच्याकडे पाठ करून आरती करायलाही जीभ उचलेना. पाने ओलांडलेली ती मुलगी आणि चुरमुऱ्यांचा मागे घेतलेला पुडा सारखा डोळ्यांपुढे. शेवटी मी ताम्हन घेऊन बाहेर गेले. ओट्यावर बसून पिशवीची चेन उघडली. तुमचा पाना सगळ्यांत वर होता, स्वच्छ पुसलेला, खोबरेल लावलेला. ते मी त्याला शिकवलेलं नाही, माझं बघून शिकला असणार. मी पान्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, निरांजन ओवाळलं आणि पाया पडले. समोरून जाणाऱ्या बाईने विचारलं, आज पूजा बाहेर का हो? मी म्हटलं, आत जागा नाही.

तो परत येईल तेव्हा त्याला फूल दिसेल. हे कॅलेंडर मी पुन्हा गुंडाळून कपाटावर ठेवते. पण एक गोष्ट राहिली, ती फक्त तुम्हाला सांगते. पूजा करून आत येण्याआधी मी मागच्या नळावर गेले आणि डोक्यावरून आंघोळ केली. त्याच्या खोक्यातला नवा साबण काढला. उद्या वही पाटावरून उचलली की आजचा खर्च मांडायचा आहे. त्यात तो साबण मी लिहिणार नाही.