तांब्याच्या गुंडातले पाणी

गोंदिया, ३ डिसेंबर १९५५

ती. दुधरामभाऊस प्रेमिलाचा सा. न. वि. वि.

उदारामकाकांच्या हाती मंगळवारी तू मडक्यातून पाठवलेले आठही मासे कालपर्यंत मेले. शेवटचा मेला तो वर्ग भरलेला असताना, चाळीस मुलींच्या देखत. गाडीत त्यांना त्रास झाला म्हणावे, तर काका सांगतात की गोंदियात उतरेपर्यंत ते मडक्यात उड्या मारत होते. मग मला स्पष्ट लिही, शेतातल्या तळ्यातून, आपल्या बोडीतून दुखणाईत मासे निवडून दिलेस का?

माझ्याकडून हयगय झालेली नाही. टाकी कोरी आहे. एका मुलीच्या वडिलांनी नागपूरहून आणून शाळेला दिली, लोखंडी चौकट आणि चारही बाजूंनी काच. रोज सकाळी मी सगळे पाणी उपसते, काच आणि तळाची वाळू राखेने घासते आणि विहिरीचे ताजे पाणी भरते. पाणी इतके नितळ की टाकीपलीकडचे पुस्तक वाचता येते.

आमच्या मुख्याध्यापिका सुमित्राबाई सर्वांसमोर म्हणाल्या की गावची मछली गावातच बरी, आणि गावची मास्तरीणही. सोळा जानेवारीला तपासनीस येणार आहेत. तोवर टाकीत जिवंत मासे दिसले नाहीत तर टाकी बाईंच्या कचेरीत जाईल, तिच्यात कागदी फुले बसतील आणि विज्ञानाचे तास ड्रॉइंगच्या श्यामलाल मास्तरांना जातील. मला शिवण शिकवायला बसवतील. त्यासाठी का मी चार वर्षे नागपूरला राहून शिकले?

मायला नमस्कार. रागावून लिहिते आहे, पण लिहिते तुलाच, एवढे ध्यानात असू दे.

तुझी
प्रेमिला


सौंदड, ७ डिसेंबर १९५५

चि. प्रेमिलास दुधरामचे अ. उ. आ.

मासे दुखणाईत होते हे वाचून मी पत्र दोनदा खाली ठेवले. अगं, गार पाण्यात कमरेपर्यंत उभा राहून ते मी एकेक निवडले होते. चांदीसारखे अंग, शेपटीजवळ काळा ठिपका, एकाचाही पर फाटलेला नाही. त्यांचे भाऊबंद अजून बोडीत खेळून राहिले आहेत. आणि तू मलाच विचारतेस.

आता मी विचारतो. आपली बोडी राखेने कोण घासते? तिचे पाणी रोज कोण उपसते? रोवणा झाल्यावर धानाने मूळ धरले की नाही ते पाहायला रोज रोप उपटले, तर काय पिकेल? मासे काऊन मेले हे सांगायला तपासनीस नको. रोज परके पाणी, वर राखेचा खार.

राख बंद कर. वाळू नुसत्या पाण्याने एकदा धुऊन घाल, मग तिला हात लावू नकोस. विहिरीचे पाणी दोन दिवस भरून ठेव, शिळे होऊ दे, मग टाकीत ओत. त्यापुढे आठवड्याला चौथा हिस्सा बदलला तरी पुष्कळ. भाताची शिते चिमटीने घाल, मुठीने नाही. तुझा हात सढळ आहे. लहानपणी चारून चारून मायची कोंबडी मारली होतीस, ते घरात कोणी विसरलेले नाही.

येत्या मंगळवारी आणखी आठ पाठवतो. माझा राग उदारामकाकांबरोबर गाडीत बसेल, तो सौंदडला परत येणार नाही. आशीर्वाद आहेतच.

दुधराम


गोंदिया, १६ डिसेंबर १९५५

ती. भाऊस सा. न. वि. वि.

तुझे पत्र टाकीजवळ ठेवून ओळ न् ओळ पाळली. मंगळवारी दुपारी मासे सोडले. बुधवारी सकाळी ते वर येऊन तोंड उघडत होते, दुपारी आठही उलटे. माझ्या अडाणीपणाने आधीचे तीन दिवस जगले होते, तुझ्या शहाणपणाने हे एकच दिवस.

पाणी शिळे केले नसेल असे म्हणू नकोस. शाळेची बादली गंजकी, म्हणून नोकरीला निघताना मायने दिलेला पाणी भरायचा तांब्याचा गुंड मी खोलीवरून नेला. शेजारच्या मंदाबाईंचाही तसाच मागून आणला. दोन्ही चिंचेने घासून आरशासारखे केले, दोन दोन दिवस भरून ठेवले आणि मगच टाकी भरली. तांब्यातल्या पाण्याहून शुद्ध पाणी कुठे असते ते तू मला सांग. वाळूला हात लावलेला नाही, भाताचे तर शीतही घातले नाही.

श्यामलाल मास्तरांनी मला विचारले की आता सुतक किती दिवसांचे. मुली हसल्या. सुमित्राबाईंनी चिठ्ठीच दिली आहे की ही शेवटची संधी. मला वाईट याचे वाटते की मी घासले तर चुकले, नाही घासले तरी चुकले, आणि चूक कुठे ते कोणी सांगत नाही.

तुझे मासे चांगले होते असे तू म्हणतोस. मी आता काही म्हणत नाही. मायची तब्येत जप. माया पातळ झाली आहे असे समजू नये, तोंड कडू झाले आहे इतकेच.

प्रेमिला


सौंदड, २० डिसेंबर १९५५

चि. प्रेमिलास अ. उ. आ.

पत्र मायला वाचून दाखवले. मासे मेल्याचे तिने शांतपणे ऐकले. गुंडाचे नाव निघाले तशी हातातले सूप टाकून उठली. पुढचे ती सांगते तसे लिहितो.

माय म्हणते, पोरगी नागपूरला शिकली की तिथे डोके ठेवून आली? बिनकल्हईच्या तांब्यात आपण ताक ठेवत नाही, कळकते म्हणून. मग त्यात जीव कायले ठेवला? मी सांगितले की जीव नाही, पाणी ठेवले होते. त्यावर मलाही शिव्या बसल्या. तिच्या माहेरी पाहुण्यांसाठी आणलेले जिते मासे कोणी तांब्याच्या घंगाळात सोडले होते, ते चुलीवर जाण्याआधीच मेले. माणूस लोटाभर पाणी पितो आणि बाजूला होतो. मासा तेच पाणी रात्रंदिवस श्वासात घेतो. चिंचेने घासून तू तांबे आणखी उघडे केलेस.

म्हणजे मासे चांगले होते. हे मी माझ्यातर्फे लिहितो.

मीही चुकलो. भांडे कोणते ते मी लिहिले नाही. आमच्याकडे पाणी रांजणातच शिळे होते, म्हणून सुचले नाही. आता टाकी नीट खंगाळ, ती वाळू फेकून दे, नवी घाल. पाणी मातीच्या रांजणात ठेव. या पत्राबरोबरच उदारामकाकांकडे ओल्या फडक्यात बोडीच्या तळाची वाळू आणि शेवाळाची काडी देतो. माय त्याला विरजण म्हणते. दूध आणले आणि लगेच दही मागितले तर कसे मिळेल? ते टाकीत घाल आणि पंधरा दिवस बिनमाशांची ठेव. मध्ये पाणी बिघडल्यासारखे दिसेल. दिसू दे, फेकू नकोस. मग मी आधी दोनच मासे पाठवीन, ते जगले तर बाकीचे.

या खेपेला मेले तर माशांना बोल लावू नकोस, मला लाव. मायचा जीव तुझ्यापाशीच आहे, शिव्या त्याच्याच.

दुधराम


गोंदिया, १८ जानेवारी १९५६

ती. भाऊस सा. न. वि. वि.

पाचव्या दिवशी पाणी पेजेसारखे पांढरे झाले. सुमित्राबाई आल्या, नाकाला पदर लावला आणि मंगरू शिपायाला टाकी ओतून द्यायला सांगितले. मी टाकीच्या खोलीला कुलूप लावले आणि किल्ली कमरेला खोचली. बाईंनी विचारले की शाळा कोणाची आहे. मी म्हटले शाळा तुमची आहे, विरजण माझ्या मायचे आहे. त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तेवढ्यात पाणी आपोआप निवळले.

तुझे पहिले दोन मासे आले, जगले. दहा तारखेला सहा आले, तेही जगले. काचेवर हिरवट साय धरली होती. पंधराला रविवार असूनही बाईंनी राख आणि काथ्या घेऊन मंगरूला माझ्या खोलीवर पाठवले, उद्या साहेबांना हे शेवाळ दाखवायचे का म्हणून. मी त्याला चहा पाजला आणि किल्ली दिली नाही.

तपासनीस आले. टाकीपुढे बराच वेळ वाकून उभे राहिले. मासे ती हिरवी साय टिपत होते. त्यांनी विचारले की पाणी किती दिवसांचे आहे. एका मुलीने उठून सांगितले की सत्तावीस दिवसांचे, आणि प्रेमिलाबाईंनी ते कोणाला फेकू दिले नाही. श्यामलाल मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. विज्ञानाचे तास माझ्याकडेच राहिले.

काल सुमित्राबाईंनी सर्वांसमोर सांगितले की टाकीची कल्पना त्यांची, आणि यापुढे तिची देखरेख कचेरीतून होईल. त्यासाठी त्यांनी स्वतःचा तांब्याचा हंडा घरून आणवला आहे. किल्ली मागितली. मी दिली नाही.

तुझे मासे चांगले होते. हे मी दीड महिना उशिरा लिहिते आहे, ते मायला मोठ्याने वाचून दाखव. लोभ घरच्या रांजणासारखा भरलेला ठेवावा.

तुझी
प्रेमिला

ता. क. किल्ली अजून कमरेलाच आहे.