थोरलीचा तुरा

४ नोव्हेंबर

पोहोचले. खोली छान आहे: पूर्वेला खिडकी, खिडकीखाली खुराडं. पशुवैद्यकाची पदविका घेतल्यापासून दवाखान्यात नुसत्या सुया टोचत होते. इथे तीनच रुग्ण, तिन्ही म्हाताऱ्या कोंबड्या, आणि त्यांच्यावर जीव टाकणारी मालकीण. तिला मावशी म्हणायचं ठरलं. तिने मला लगेच डॉक्टरीणबाई करून टाकलं. मी म्हटलं, नुसती पदविका आहे. ती म्हणाली, असू दे गं, यांना कुठे वाचता येतं!

हातमोजे घालून तिघींना तपासलं. लंगडीच्या तळव्याला गाठ, वर काळी खपली. घुमीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. थोरलीचा तुरा जांभळा पडलाय, म्हणजे हृदय थकलंय. तिचं वय विचारलं, तर मावशी म्हणाली, तुझ्याहून मोठीच असेल. हसलो दोघी.

बसायची दांडी खाली घेतली. आता त्यांना उडी मारावी लागणार नाही.

७ नोव्हेंबर

लंगडीचा पाय मिठाच्या कोमट पाण्यात शेकून पट्टी बांधते. फरक नाही, इतक्यात अपेक्षितही नाही. मावशीने आज हातमोजे काढायला लावले. म्हणे रबराच्या वासाने त्या बुजतात. काढले. ती स्वतः मात्र दाणे टाकतानाही भांडी घासायचे मोजे घालते. का, तर पिसांनी खाज सुटते. मग आजवर औषधपाणी कोण करायचं? एक मुलगी होती म्हणाली. गुणाची होती हो, पण टिकली नाही.

८ नोव्हेंबर

लंगडी धावतेय. गाठ नाही, खपली नाही, व्रणसुद्धा नाही. एका रात्रीत असं बरं होत नाही. कोंबडी बदलली असणार. मावशी मला का फसवेल, कळत नाही.

पडताळायचं ठरवलं. घुमीच्या नखाला शाईची खूण केली, डोळ्यांत थेंब घातले आणि टॉवेलात गुंडाळून, ती शांत होईपर्यंत मांडीवर धरून बसले.

९ नोव्हेंबर

घुमीने माझ्या तळहातावरचा एकच दाणा अचूक टिपला. डोळे स्वच्छ. शाईची खूण जागच्या जागी. म्हणजे कोंबडी तीच.

सकाळपासून उजवा तळवा ठणकतोय. मी काही बोलायच्या आत मावशीने पाय टेकायला स्टूल आणून ठेवलं.

११ नोव्हेंबर

तळव्याला गाठ. मधोमध काळी खपली. माणसाच्या पायाला अशी खपली मी कधी पाहिली नाही. दिव्याभोवती वलय दिसतं.

हातमोजे पुन्हा घातलेत. थोरलीला हात लावणार नाही. मावशीला सांगितलं, उद्या निघते. ती रागावली नाही. म्हणाली, जा की, फक्त जाताना थोरलीला एकदा मांडीवर घे, तुझा लळा लागलाय तिला. नको म्हटलं. आधीचीही असंच म्हणायची म्हणाली. ती कुठे असते हल्ली, विचारलं.

इथेच आहे की, कुंपणापाशी. असं म्हणाली. दाणे निवडता निवडता.

१२ नोव्हेंबर

हातमोजे काढून घेतलेत. त्यांचा खोकाही रिकामा. बूट नाहीत. दार बाहेरून लावलंय.

अक्षरं दिसत नाहीत, मोठी काढतेय. हाका मारल्या. खिडकीतून मावशी म्हणाली, ओरडू नकोस बाई, ती घाबरते.

कोण ती, ते कळलं नाही. मग पलंगावर काहीतरी हललं—

नंतर

थोरली मांडीवर आहे. ढकलतेय— हात उचलवत नाही. हलकी आहे, पिसासारखी, तरी—

बाहेर मावशी विचारतेय, बसली का गं नीट?

छातीत धडधड चुकतेय. तिची लागतेय हाताला. ठणठणीत.

तुरा जवळून दिसतो. कडेपासून लाल होत चाललाय. माझी नखं जां—