जांभळ्या टोपीचे धागे

१४ जाने., संक्रांत
अंटार्क्टिकाहून मुक्ताचा व्हिडिओ कॉल. मी दिलेला तिळगूळ पोचलाय. "आई, एकेक लाडू मोडून इथल्या संशोधन तळावर सगळ्यांना वाटला." प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही म्हणून स्टीलच्या डब्यात दिला होता. तीळ म्हणजे बी, तेही आधी विचारून घेतलं. भाजलेले उगवत नाहीत, न्या, म्हणाले मोहिमेवाले. बी नको, माती नको, थर्माकोल नको. कचरा जहाजाने परत आणायचा. तिथे कुणा एकाचं राज्य नाही, म्हणून सगळ्या देशांनी मिळून नियम केलेत.
डोक्यावर मी विणलेली जांभळी टोपी. चाळिशीला आली लेक, दिसत होती दहा वर्षांची.

१९ जाने.
मु.चं काम बर्फात प्लॅस्टिकचे बारीक तंतू शोधायचं. अहवाल देशांच्या बैठकीत जाणार. तळांवरचं कपडे धुतलेलं पाणी गाळल्याशिवाय समुद्रात सोडू नये, असा नियम व्हावा म्हणून.
आज म्हणाली, सापडले. माणूस फिरकत नाही अशा जागी, बर्फ भरून घेतलेल्या नऊ बाटल्यांत. पण आनंद नव्हता आवाजात.
"आई, टोपीची लोकर कुठली गं?"
बारामतीतलीच. मऊ होती म्हणून घेतली.
"तंतू जांभळे आहेत."

२० जाने.
दुकानात गेले. गुंड्याच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरात ॲक्रिलिक, म्हणजे प्लॅस्टिकच. दुकानदार म्हणाला, "मॅडम, मेंढीची आता कोण घेतंय? टोचती."
शाळेत सिस्टर ॲग्नेसनी विणायला शिकवलं. माझ्या हातावर त्यांचा हात, सुलट, उलट. त्या लोकरीला पावसाळ्यात मेंढीचा वास यायचा. तो कधी गेला, माझ्या लक्षातही आलं नाही.
मु.ला तर अशा धाग्यांची सगळी माहिती. तरी म्हणते, "तू विणलीस ना, मग मी विचारलंच नाही."

२२ जाने.
मु.ने उरलेला गुंडा मागितलाय. गोव्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा. बाटल्या जहाजाने येतील तेव्हा ताडून बघतील. जुळला तर तंतू तिच्याच टोपीतून पडलेले, नऊही बाद, अहवाल राहिला. नाही जुळला तर ते तंतू वाऱ्याने, पाण्याने तिथवर गेलेले. "तू वाईट नको वाटून घेऊस." इतक्या लांबून मलाच समजावते.
गुंडा शिवणाच्या डब्यात आहे. मूठभर.

२३ जाने.
धाकटा भाऊ कोऱ्हाळ्याहून वांगी घेऊन आला. सगळे त्याला तात्या म्हणतात, मीही. ऐकून म्हणाला, "अक्का, गुंडा घावला न्हाय म्हण की. कोण बघाय येतंय हितं?"
"मुक्ता विचारेल."
"पोरीची किती वर्षांची मेहनत हाय. एका टोपीपायी..." त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली ती.
मग म्हणाला, "माझा वांग्याच्या वाफ्यावरचा मल्चिंगचा प्लॅस्टिक कागद बी गेला आसंल उडत तितवर. काळा हाय म्हणून वाचलो." दोघं हसलो. चहा गार.
तो गेल्यावर गुंडा कपाटात, साड्यांखाली ठेवला. का, ते लिहीत नाही.

२५ जाने.
साडी काढताना हाताला लागलाच.
मु. सातवीत. प्रदर्शनासाठी लावलेलं वालाचं रोप वाळलं. मी म्हटलं, रोग पडला असं लिही. तिने गोल अक्षरात लिहिलं, मी पाणी घालायला विसरले. बक्षीस गेलं. मी रुसले होते, ती नाही.
दुपारी गुंडा गोव्याला कुरिअर केला. कागदी पाकीट, आत कापडात गुंडाळून. पावती डायरीत ठेवलीय.

२ फेब्रु.
भवानीनगरच्या रस्त्याला धनगरांचा मेंढ्यांचा वाडा उतरलाय. तात्या तिथून मेंढीची लोकर घेऊन आला. काळी, राठ, आणि तो वास! "टोचली तर टोचू दे तिला," म्हणाला. "मामाची आठवण व्हईल."
लोकरीत कुसळं भरलीत. एकही बी तिकडे जायला नको, म्हणून उन्हात बसून एकेक काढतेय. अजून पिंजायची, कातायची.
मघाशी मु.चा फोन. "आई, नऊही बाद झाल्या तर?"
"परत जा."
"पाठवतील का पण?"
म्हटलं, डोक्याचं माप तेवढं कळव, टोपी सैल झाली होती तुला.
"कळवते," म्हणाली. माप अजून आलं नाही.