साधारण म्हणजे कुठपासून कुठपर्यंत

१४ सप्टें. २०१४, रवि.
चार नंबरला नवा पेशंट. योझेफ, स्लोवाक, वय ४६. ओमानात इब्रीच्या पुढे कुठल्याशा साइटवर परांचीवरून पडला. कमरेच्या वरचा मणका फुटला, ऑपरेशन झालंय. उजव्या पायाचा अंगठा हलतो, डाव्याची नुसती मांडी आवळते. म्हणजे अगदीच काही नाही असं नाही.
बायको आन्ना परवाच उतरली. इंग्लिशचा एक शब्द येत नाही. तळहातावर दोन बोटं उभी करून मला विचारलं, हा उभा राहील का? मी नुसती हसले. फिजिओच्या धंद्यात पंधरा वर्षं काढल्यावर हे एक हसू आपोआप येतं.

१६ सप्टें., मंगळ
दुभाषी मिळाली एकदाची! मिलादाबाई. मूळची स्लोवाकच, रिटायर्ड शाळामास्तरीण, साठीच्या पुढची, पांढरा बॉबकट, वर ओढणी. नवरा ओमानी. तो शिकायला ब्रातिस्लावाला गेला होता तेव्हाचं प्रकरण, आता चाळीस वर्षं इथे वादी अदाईला संसार चाललाय. वॉर्डातली ओमानी पोरं तिला उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, म्हणतात आणि उठून उभी राहतात. हिंदीसुद्धा बोलते, कोपऱ्यावरच्या मल्याळी दुकानदाराकडून शिकलेली.
आन्नाचा पहिला प्रश्न तोच. कधी उभा राहील? डॉक्टरांनी "लेट अस सी" म्हणून अंग काढून घेतलं होतं. मी म्हटलं, "अबाउट सिक्स वीक्स."
मिलादाबाई भाषांतर करेना. वही काढली आणि मला म्हणाली, "हातांनी दाखव. तुझं अबाउट कुठपासून कुठपर्यंत?"
अगं बाई, बाहेर सात पेशंट ताटकळलेत! मी चिडून म्हटलं, "अप्रॉक्झिमेटली." जरा भारदस्त शब्द टाकला की माणसं गप्प बसतात.
ही कसली गप्प बसते. "मोजून सांगतेस की मनानं?"
"मोजून," म्हटलं मी.
तिनं लिहून घेतलं, आन्नाला सांगितलं. त्यात एक लांबलचक शब्द होता, प्रिब्लिझ्ने असा काहीसा. आन्ना आल्यापासून पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसली. बरं वाटलं मला.

१८ सप्टें., गुरु
मि.बाईंबरोबर कँटीनमध्ये चहा. वही बघायला मागितली. काय बाई आहे! आमच्या तोंडून निघालेला प्रत्येक अबाउट, अराउंड, ऑलमोस्ट, ऑर सो वेगवेगळा लिहून ठेवलाय, शेजारी कोण बोललं ते, आणि हाताचं माप.
म्हणाली, इंग्लिश बोलणारे एका अबाउटवर सगळं भागवतात. तिच्या भाषेत आधी ठरवावं लागतं. आपल्यालाच नक्की माहीत नसेल तर असी. मोजलंय, फक्त तंतोतंत नाही, तर प्रिब्लिझ्ने. जवळ गेलं पण पोचलं नाही तर स्कोरो. आणखी आहेत, पण हे तीन सांभाळले तर माणूस फसत नाही म्हणे. तशी त्यांच्याकडेही माणसं वाटेल ते वाटेल तिथे वापरतात. हिला ते खपत नाही.
"आणि इन्शाल्ला?" मी मुद्दाम विचारलं.
"त्याला हात दाखवायला सांगत नाही मी. तो माणसानं द्यायचा शब्दच नाही."
तुमच्यात काय म्हणतात, विचारलं. मी साधारण, अंदाजे, जवळजवळ, दहाएक, पंधरावीस असं घडाघडा सांगितलं. सगळं लिहून घेतलं हो तिनं! मग, "यातलं तू मोजून कुठलं म्हणतेस?"
घरी नवरोजी: "जेवायला किती वेळ?" मी: "पाचेक मिनिटं." मग उगाचच दोन्ही हात पसरून दाखवले, चांगले हातभर. ऋचाला काही कळलं नाही. "आई, पाचेक इज फाइव्ह ऑर नॉट फाइव्ह?"

२३ सप्टें., मंगळ
घोळ झालाय मोठा.
त्यांच्या देशात मणक्याच्या पेशंटांचं मोठं केंद्र आहे, तिथे ऑक्टोबरच्या सुरुवातीची जागा मिळत होती. आन्नानं ती सोडली. मि.बाईंनी आज सहज सांगितलं. स्ट्रेचरवरून नको, म्हणतो योझेफ, गावात सगळ्यांसमोर मला आडवा उतरवू नका. सहा आठवड्यांत उभा राहणारच आहे, तर इथेच थांबू, मग खुर्चीत बसून साध्या विमानानं जाऊ. पुढची जागा आता डिसेंबरमध्ये.
सहा आठवडे. माझे. कशावरून म्हटले होते मी? सगळ्यांना सहाच सांगते मी. गुडघा असो, खांदा असो, सहा. चार म्हटलं तर लवकर अंगाशी येतं, आठ म्हटलं तर घरचे रडतात.
मि.बाईंना हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. होईलही तोपर्यंत, अंगठा हलतोय की.

६ ऑक्टो., सोम
ईदची सुट्टी. मी ड्यूटीवर. मि.बाई सुट्टीच्या दिवशीही हजर, डब्यात शुवा. जमिनीतल्या भट्टीत रात्रभर शिजलेलं मटण. माझा सोमवार, मी वासावरच भागवलं.
तपासताना योझेफला डाव्या टाचेवर बोट लावून विचारलं, कळतंय का? तो काहीतरी पुटपुटला. मी "होय" लिहायला घेतलं. बाईंनी पेनच धरलं माझं. "नाही. तो स्कोरो म्हणाला. त्याला वाटतंय की कळेल, पण कळत नाहीये."
टाच उचलून बघितली. स्प्लिंटच्या काठानं रुपयाएवढा लाल चट्टा, दाबला तरी पांढरा होईना. आणखी दोन दिवसांत फुटलाच असता आणि मग महिनाभर पाय खाली टेकवणंच बंद. मी पंधरा वर्षांची फिजिओ, आणि टाच वाचवली एका रिटायर्ड शाळामास्तरणीनं, एका शब्दावरून. मी तिला तिथेच मिठी मारली. ती म्हणाली, "पुरे, पुरे, यल्ला, चल, स्प्लिंट बदल."

२३ ऑक्टो., गुरु
दिवाळी. चकल्या, चिवडा घेऊन गेले चार नंबरला. आन्ना चकली फिरवून फिरवून बघत होती. योझेफनं चार खाल्ल्या. हात भारी मजबूत माणसाचे, खाटेच्या कठड्याला धरून सबंध धड उचलतो. पाय मात्र तसेच. उजवा गुडघा जरा वळतो, डावा नाही.
भिंतीवर आन्नानं एक कागद लावलाय, चौकोन आखून. रोज एक खोडते. पाच उरलेत.
मी त्या भिंतीकडे पाठ करून काम केलं.

२८ ऑक्टो., मंगळ
सहा आठवडे झाले. आन्ना केस विंचरून, नवा ब्लाउज घालून आली होती. पॅरलल बारच्या दोन दांड्यांमध्ये उभं केलं, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, मी पुढून, सहकारी मागून. हातांवर लटकला बिचारा, पाय गळून गेले खाली. तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा त्यानंच मान हलवली.
आन्ना माझ्याशी बोललीच नाही. बाईंशी बोलली. एकच शब्द ओळखता आला मला. प्रिब्लिझ्ने?

२९ ऑक्टो., बुध
आमच्या एचओडींना कळलंच. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "अरे, इतना टेन्शन क्यूँ? बोल दो ट्रान्सलेशन में गडबड हो गया. वो बुढिया कौन सी सर्टिफाइड है? खलास."
खोटं का बोलू, पाच मिनिटं मला ते पटलं होतं.
बाहेर मि.बाई बसल्या होत्या. दार कुठलं नीट लागतंय आमचं, सगळं ऐकलं असणार. मला म्हणाल्या, "हवं तर सांग तसं. मी म्हातारी, लोकांना खरं वाटेल. फक्त मग आन्ना माझ्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवणार नाही. आणि इथे तिच्याकडे माझ्या शब्दांशिवाय काही नाहीये."
रागाचा मागमूस नाही. वही मांडीवर, मिटलेली. सोळा सप्टेंबरचं पान उघडून माझ्या नाकासमोर धरलं असतं तरी चाललं असतं. ते तिनं केलं नाही. लाज वाटली मला. इतकी लाज मला बारावीला नापास झाले तेव्हाही वाटली नव्हती.

३० ऑक्टो., गुरु
सांगितलं. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून, दोघांच्या तोंडावर. मोजलं नव्हतं. सवयीनं बोलले. बाईंनी दोनदा विचारलं, मी घाईत खोटं सांगितलं. तुम्ही जागा सोडली ती माझ्या शब्दावर.
बाईंनी एकेक वाक्य नेलं तिकडे, काही वगळलं नाही, काही गोड केलं नाही. शेवटी असी आलं, ते मला ऐकू आलं.
आन्नानं भिंतीवरचा कागद उपटला, चुरगाळला आणि माझ्याच अंगावर टाकला. बरोबर केलं. योझेफ छताकडे बघत होता.

३ नोव्हें., सोम
आन्ना मी आले की बाहेर जाते. योझेफचे व्यायाम चालू. बाई येतात, कामापुरतं बोलतात. मी आता प्रत्येक वाक्याआधी स्वतःच हात दाखवते. ऋचा म्हणते, आई, तू ट्रॅफिक पोलिससारखी दिसतेस.

६ नोव्हें., गुरु
आन्ना आज गेली नाही बाहेर. बाईंना घेऊन समोर बसली. "आता खरं सांग. काय मोजता येतं?"
सगळं मोजलं तिच्यासमोर. कुठला स्नायू किती ताकदीचा, सप्टेंबरात किती होता, आज किती. डाव्या मांडीला पाचांपैकी एकाचं दोन झालंय, हे मलाच इतकं लख्ख दिसलं नव्हतं. दीड तास गेला. बाईंचा घसा बसला, पण प्रत्येक आकड्याला मोजलेला का मनातला हे विचारल्याशिवाय पुढे गेल्या नाहीत. माझ्या डिपार्टमेंटमध्ये अशी एक बाई हवी होती, मग आमच्या निम्म्या फायली वेगळ्या दिसल्या असत्या.
निघताना आन्नानं बाईंना काहीतरी विचारलं. बाई हसल्या. मला म्हणाल्या, "विचारतेय, ती तिखट वेटोळी आणखी आहेत का?"
संध्याकाळी भाजणी भिजवली.

२० नोव्हें., गुरु
आज चालला.
बारमध्ये, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, कमरेचा पट्टा माझ्या मुठीत. उजवा. डावा, फरफटत. उजवा. मग डावा पुढे आला आणि मी ओरडलेच. वॉर्डातली पोरं टाळ्या वाजवायला लागली. आन्ना दोन्ही हातांनी तोंड दाबून.
मिलादाबाई, वही उघडी: "किती?"
"अबाउट फोर!"
तिनं माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं हो. माझ्या मुठीत पट्टा होता, आणि चौथ्याला तो मी ओढला होता.
"तीन," म्हटलं मी. "चौथं माझं."
तिनं तसंच सांगितलं. मला वाटलं आन्नाचा चेहरा पडणार. तिनं योझेफचं डोकं छातीशी धरलं आणि ट्री, ट्री, ट्री म्हणत राहिली. म्हणजे तीनच. चार म्हटलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता. योझेफनं मला अंगठा वर करून दाखवला, हाताचा.
घरी येऊन शिरा केला. नवरोजींनी विचारलं, कशाबद्दल? तीन पावलांबद्दल.

३ डिसें., बुध
उद्या दोघं जायचेत. तिकडच्या केंद्राला रिपोर्ट लिहिला. बाईंनी स्लोवाकमध्ये करायला नेला आणि तासाभरात परत आल्या. मला वाटलं, काढली आणखी एक चूक! म्हणाल्या, "सगळ्या रिपोर्टमध्ये एकच अबाउट आहे. पान दोन. तो तसाच ठेवू?" ठेवा म्हटलं. कुबड्या कधी पेलतील, त्याच्यापुढचा तो होता.
"असी," म्हणाल्या आणि लिहिलं. मग कधी नव्हे ते माझ्या गालाला हात लावला. "चांगला असी आहे."
मी त्यांना तीन महिने काय दिलं? चहा. आणि चकल्या.

४ डिसें., गुरु
साध्या विमानानंच, खुर्चीत बसून जाणार. विमानात चढायला व्हीलचेअर लागेल, पण आडवा नाही. जिन्यापाशी गाडी लागली होती. बाई मुलाची गाडी घेऊन, नटून आलेल्या.
आन्नानं शेवटी विचारलंच. चालेल का हा? घरात, कुबड्यांशिवाय?
मी म्हटलं, "माहीत नाही."
मिलादाबाईंनी ना वही उघडली, ना हात मागितले. "नेव्येम," एवढंच.
आन्नानं विचार केला आणि काहीतरी म्हणाली. बाई खो खो हसायला लागल्या, डोळे पुसले ओढणीनं. "ती विचारतेय, साधारण किती माहीत नाही?"
मग दाखवले मी हात. मनापासून जेवढं माहीत नव्हतं तेवढे, चांगले रुंद. लाजले नाही.
योझेफ व्हीलचेअरमधून पुढे वाकला. माझा डावा हात मनगटाशी धरला आणि आत ढकलला, वीतभर. बाईंकडे बघितलं मी, हे कसं सांगणार म्हणून. भाषांतर लागलंच नाही, तेवढं त्याला माहीत होतं.
गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत मी हात तसेच धरून उभी होते. मग दोन नंबरच्या आजोबांची वेळ झाली होती, वर गेले.