मिशरीचा प्रश्न

घाटकोपर, रविवार

प्रिय आई,

तुला आणि बाबांना जयभीम. बाबांचा गुडघा कसा आहे? मी मजेत आहे. हॉस्टेलच्या फिक्या भाजीची इतकी सवय झालीय की आता तीसुद्धा तिखट लागते.

आमच्या नर्सिंगच्या शिक्षणात एआय आलंय. ओपीडीत आम्ही पेशंटला प्रश्न विचारून उत्तरं टॅबमध्ये भरतो आणि आधी कुणाला तपासायचं ते एआय सांगतं. काम झकास करतं.

मंगळवारी वनमाला नावाच्या एक मावशी तपासायला आल्या, तिखटानं तोंड जळतं म्हणून. मी विचारलं, "तंबाखू खाता?" तर म्हणाल्या, "शी, कधीच नाही." एआयनं त्यांना शेवटी टाकलं. पण त्यांचे काळे दात बघून मला तूच दिसलीस. विचारलं, "आणि मिशरी?"

"ती दिवसातून चारदा लावते. ती काय तंबाखू आहे होय?"

तव्यावर भाजलेला तंबाखूच ना गं तो! मी तसं भरलं, तर नाव लगेच वर आलं. डॉक्टरांना गालात पांढरा चट्टा सापडला, कॅन्सरच्या आधीची खूण. वेळेत आल्या, बऱ्या होतील. आम्हाला शिकवणाऱ्या मीरा मॅडमनी मिशरीचा प्रश्न यादीत घातला आणि वर्गासमोर विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" मी तुझं नाव घेतलं नाही.

फोनवर तुझ्या मिशरीचा विषय काढला की तू फोन बाबांकडे देतेस, म्हणून लिहितेय. उद्या उजेडात आरसा घेऊन दोन्ही गाल आतून बघ. पांढरं दिसलं तर मला फोन कर. नाही दिसलं तरी कर. आणि तवा यापुढे फक्त भाकरीसाठी चढव.

तुझ्या फोनची वाट बघणारी,
दर्शना